हिम जमिनीवर किती दिवस टिकते? मोजणीच्या प्रकल्पाच्या नोंदी

९ जून २०२५

आजपासून या कामाच्या नोंदी ठेवायला सुरुवात करीत आहे. प्रश्न एका ओळीत मावणारा आहे: हिवाळ्यात पडलेले हिम जमिनीवर किती दिवस राहते? किती पडले हा वेगळा प्रश्न झाला. पडलेले हिम एका दुपारीत वितळून गेले की चार महिने जमीन झाकून बसले, यावर मातीचे तापमान, वसंतात नद्यांना मिळणारे पाणी आणि जमिनीने सूर्याची किती ऊर्जा आकाशाकडे परत पाठवली, हे सगळे अवलंबून असते. म्हणून या प्रकल्पात जाडी दुय्यम आहे आणि दिवस मुख्य आहेत.

आधी शब्द ठरवून घेतले. मराठीत आपण आकाशातून पडणाऱ्या भुसभुशीत थरालाही 'बर्फ' म्हणतो आणि पाणी गोठून झालेल्या टणक खड्यालाही. बोलताना त्याने काही अडत नाही, पण येथे घोटाळा होईल. या नोंदींत पडणारा व साचणारा थर म्हणजे 'हिम', त्याने जमीन झाकली गेल्याची अवस्था म्हणजे 'हिमावरण', आणि ती अवस्था जितके दिवस चालते तो 'हिमावरणाचा काळ'. हेतू असा की स्थानकांच्या किंवा उपग्रहांच्या दैनंदिन नोंदी दिल्या की प्रत्येक ठिकाणासाठी व प्रत्येक हिवाळ्यासाठी हा काळ काढून देणारी संगणकीय आज्ञावली तयार व्हावी.

१४ जून २०२५

पहिली अडचण अपेक्षेपेक्षा लवकर आली. 'आज जमिनीवर हिम आहे' हे म्हणायचे कधी? ब्रिटनमधील पद्धतीनुसार सकाळी ९ वाजता निरीक्षकासमोरच्या जमिनीचा अर्ध्याहून अधिक भाग झाकलेला असेल तर तो हिमाचा दिवस धरतात. जर्मनीत सकाळच्या मोजणीला किमान १ सेंटीमीटर थर लागतो. अमेरिकेतील अनेक आकडेवाऱ्यांत हा उंबरठा १ इंचाचा, म्हणजे सुमारे अडीच सेंटीमीटरचा आहे. भरहिवाळ्यात, थर गुडघाभर असताना, या तिन्ही व्याख्यांचे उत्तर एकच येते. पण हिवाळ्याच्या दोन्ही टोकांना, जिथे थर पातळ आणि तुटक असतो, तिथे त्या वेगवेगळे दिवस मोजतात. आणि काळ ठरतो तो या टोकांवरच. दोन देशांचे आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी त्यांमागचा उंबरठा पाहिलाच पाहिजे, हे मी स्वतःसाठी नियम म्हणून लिहून ठेवले आहे.

१७ जून २०२५

आज्ञावलीची परीक्षा घेण्यासाठी एक काल्पनिक हिवाळा रचला. ५ नोव्हेंबरला पहिले हिम पडले आणि ७ नोव्हेंबरपर्यंत राहिले. त्यानंतर २८ नोव्हेंबर ते १४ जानेवारी सलग हिमावरण होते. १५ ते १८ जानेवारी हे चार दिवस उबदार निघाले आणि जमीन उघडी पडली. १९ जानेवारीला पुन्हा हिम आले ते ९ मार्चपर्यंत टिकले. शेवटी २ ते ५ एप्रिल असा चार दिवसांचा उशिराचा थर आला. वर्ष लीप नाही.

आता हिम किती दिवस टिकले? पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंतचे अंतर धरले तर १५२ दिवस. प्रत्यक्ष हिम असलेले दिवस मोजले तर १०५. सर्वांत मोठा अखंड काळ घेतला तर ५०. आणि जानेवारीतील चार दिवसांच्या खंडाकडे दुर्लक्ष करून मुख्य हिमावरण एकच मानले तर १०२. एकाच हिवाळ्याची ही चार उत्तरे आहेत आणि चारही अंकगणिताच्या दृष्टीने अचूक आहेत.

खंडाचा प्रश्न हिमाच्या सहवासात राहणाऱ्या देशांनी फार पूर्वी ओळखला होता, हे वाचताना जाणवले. जपानी भाषेत 'नेयुकी' असा शब्द आहे. त्याचा अर्थ मूळ धरलेले हिम. तेथील हवामान खात्याच्या व्याख्येत असे हिमावरण किमान ३० दिवसांचे असावे लागते, मात्र दोन दीर्घ तुकड्यांच्या मध्ये एकूण ५ दिवसांपर्यंतचा खंड चालतो. रशियन परंपरेत 'स्थिर हिमावरण' अशी संज्ञा आहे. तेथेही किमान महिनाभराची अट आहे, पण खंड ३ दिवसांहून अधिक नसावा. माझ्या काल्पनिक हिवाळ्यातील खंड ४ दिवसांचा आहे! म्हणजे जपानी नियमाने मुख्य काळ १०२ दिवसांचा आणि रशियन नियमाने तोच ५० दिवसांचा ठरतो. हा खंड मी मुद्दाम योजला नव्हता, पण या कामाची सगळी नाजूक बाजू त्याने एका दिवसात समोर आणली.

१८ जून २०२५

छोटी दुरुस्ती. वर्ष १ जानेवारीपासून मोजल्यामुळे प्रत्येक हिवाळा दोन तुकड्यांत विभागला जात होता. आता उत्तर गोलार्धासाठी वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे धरले आहे.

२ जुलै २०२५

स्थानके बिंदूंची माहिती देतात. मधल्या विस्तीर्ण प्रदेशासाठी उपग्रहांशिवाय पर्याय नाही. अमेरिकेच्या हवामान यंत्रणेने १९६६ पासून उत्तर गोलार्धातील हिमावरणाचे साप्ताहिक नकाशे तयार केले, आणि उपग्रहांवरून मिळणाऱ्या हवामानविषयक नोंदींमध्ये ही मालिका सर्वांत दीर्घ मालिकांपैकी एक आहे. या नकाशांवरूनच आपल्याला ठाऊक आहे की जानेवारीत उत्तर गोलार्धातील सुमारे ४.७ कोटी चौरस किलोमीटर क्षेत्र हिमाखाली असते. परंतु साप्ताहिक नकाशावरून दिवस मोजता येत नाहीत. म्हणून या प्रकल्पासाठी 'मोडिस' या संवेदकाच्या दैनंदिन प्रतिमा निवडल्या आहेत. तो 'टेरा' उपग्रहावरून २००० पासून आणि 'अ‍ॅक्वा'वरून २००२ पासून निरीक्षणे पाठवीत आहे आणि त्याच्या हिमाच्या नकाशातील एक चौकोन सुमारे ५०० मीटरचा असतो.

हिम ओळखण्याची युक्ती मला मनापासून आवडते. डोळ्यांना हिम आणि ढग दोन्ही पांढरे दिसतात, पण १.६ मायक्रोमीटरच्या आसपासचे अवरक्त किरण ढगांतील सूक्ष्म थेंब बऱ्यापैकी परत पाठवतात आणि हिमाचे कण मात्र ते शोषून घेतात. म्हणून हिरव्या प्रकाशाच्या परावर्तनातून या अवरक्त किरणांचे परावर्तन वजा करून दोन्हींच्या बेरजेने भागले की एक निर्देशांक मिळतो. उदाहरणादाखल, हिमाचे परावर्तन हिरव्या प्रकाशात ०.८ आणि अवरक्तात ०.१ असेल तर निर्देशांक ०.७८ येतो; ढगाचे अनुक्रमे ०.७ आणि ०.५ असेल तर तो ०.१७ येतो. प्रचलित उंबरठा ०.४ चा आहे आणि तो साधारणपणे निम्मा चौकोन हिमाने झाकलेला असण्याशी जुळतो. निरीक्षकाच्या 'अर्ध्याहून अधिक जमीन' या जुन्या नियमाशी याचा मेळ बसतो, हे पाहून समाधान वाटले.

११ जुलै २०२५

गेला आठवडा ढगांनी खाल्ला. निर्देशांकामुळे ढग आणि हिम वेगळे ओळखता येतात, पण ढगाखाली काय आहे हे त्यामुळे कळत नाही. रूढ उपाय असा की ढगाळ दिवशी शेवटचे स्वच्छ निरीक्षण पुढे ओढायचे: काल जमीन उघडी दिसली असेल तर आजही उघडी धरायची, काल हिम असेल तर आजही हिम. मीही प्रथम तेच केले आणि मला वाटले होते की सुरुवात व शेवट दोन्ही सारखेच पुढे सरकत असल्यामुळे काळाच्या लांबीत चूक उरणार नाही.

हे गृहीतक चुकीचे होते आणि त्याचे कारण इतके साधे आहे की ते आधी सुचायला हवे होते. हिम ढगांतून पडते. म्हणजे हिमावरणाची सुरुवात जवळजवळ नेहमीच ढगाखाली होते, तर त्याचा शेवट पुष्कळदा स्वच्छ उन्हात होतो. काल्पनिक हिवाळ्यात २६ नोव्हेंबर ते २ डिसेंबर आकाश झाकलेले ठेवून पाहिले. हिम २८ नोव्हेंबरलाच आले होते, पण आज्ञावलीला ते ३ डिसेंबरला दिसले. सुरुवात ५ दिवस उशिरा धरली गेली. उलट १० मार्चला आकाश निरभ्र असल्याने शेवटची तारीख अचूक आली. १०२ दिवसांचे ९७ झाले. ही चूक कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला पडून सरासरीत विरून जाणारी नाही; ती काळ बहुतेक वेळा कमीच दाखवते.

मग जानेवारीतील चार दिवसही ढगाखाली झाकून पाहिले, आणि खरा धक्का तेव्हा बसला. खंड दिसेनासा झाल्याबरोबर सर्वांत मोठा अखंड काळ ५० वरून थेट ९७ वर गेला, तर खंड सामावून घेणाऱ्या मोजणीत काहीच फरक पडला नाही. ५ ते ७ नोव्हेंबरचे पहिले हिम ढगाखाली गेले असते तर १५२ चा आकडाही कोसळला असता. चार उत्तरांपैकी कोणते अधिक विश्वासार्ह आहे, याचा निवाडा करण्याचे साधन मला येथे मिळाले: एखाद-दोन न दिसलेल्या दिवसांनी जी संख्या कोलमडते तिच्यावर कोणताही निष्कर्ष उभा करू नये.

आता तारीख एकच न ठेवता दोन ठेवायच्या असे ठरवले आहे. २५ नोव्हेंबरला उघडी जमीन स्पष्ट दिसली होती आणि ३ डिसेंबरला हिम स्पष्ट दिसले, म्हणून सुरुवात '२६ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांदरम्यान'. हे लिहिताना आकडा कमी देखणा होतो, पण जेवढे दिसले तेवढेच त्यात असते.

१९ जुलै २०२५

घनदाट सूचिपर्णी अरण्यात झाडांच्या छत्राखालचे हिम वरून दिसत नाही, त्यामुळे तेथे ०.४ चा उंबरठा फार कडक ठरतो; वनस्पतींचा निर्देशांक सोबत घेऊन तो शिथिल करावा लागला. ध्रुवीय रात्रीत तर प्रकाशच नसतो. सूक्ष्मतरंग (मायक्रोवेव्ह) संवेदकांना अंधार आणि ढग आड येत नाहीत, पण त्यांचे चौकोन सुमारे २५ किलोमीटरचे असतात आणि ओले हिम त्यांना ओळखता येत नाही; म्हणजे वितळण्याच्या दिवसांतच, जेव्हा त्यांची सर्वाधिक गरज असते, तेव्हा ते निरुपयोगी होतात. ध्रुवीय पट्टा या टप्प्यातून वगळला आहे.

३ ऑगस्ट २०२५

मोजलेले दिवस पटण्याजोगे आहेत का हे तपासायला हिम का टिकते याचा हिशोब जवळ असावा, म्हणून दोन दिवस केवळ ऊर्जेच्या गणितात घालवले.

ताज्या हिमाची घनता घनमीटरला १०० किलोग्रॅम धरली तर २० सेंटीमीटर थरात प्रत्येक चौरस मीटरवर २० किलोग्रॅम हिम, म्हणजे २० मिलिमीटर पाणी असते. वितळण्याचा अप्रकट उष्मा, म्हणजे तापमान न वाढता केवळ वितळण्यासाठी लागणारी उष्णता, किलोग्रॅमला ३३४ किलोज्यूल आहे, म्हणून हा थर पूर्ण वितळायला ६,६८० किलोज्यूल लागतील. थर उणे ५ अंश सेल्सियस इतका थंड असला तर तो आधी शून्यावर आणायला केवळ २१० किलोज्यूल अधिक लागतात. थंडपणाचे रक्षण नगण्य आहे. खरे रक्षण वितळण्याच्या उष्म्याचे आहे आणि त्याहूनही मोठे पांढऱ्या रंगाचे.

सरत्या हिवाळ्यातील एका स्वच्छ दिवशी चौरस मीटरवर १२ मेगाज्यूल सूर्यप्रकाश पडतो असे मानू. ताजे हिम त्यातील ८५ टक्के परत पाठवते, उरतात १.८ मेगाज्यूल. त्याच वेळी हिमाचा पृष्ठभाग दीर्घ तरंगांच्या, म्हणजे न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या, रूपाने अहोरात्र उष्णता आकाशाकडे सोडत असतो. निरभ्र आकाशाखाली हे निव्वळ नुकसान ६० वॉट धरले तर दिवसाकाठी सुमारे ५.२ मेगाज्यूल होते. म्हणजे लखलखीत उन्हातही ताज्या हिमाचा जमाखर्च तोट्याचाच आहे आणि ते वितळण्याऐवजी आणखी थंड होते. पण हिम जुने झाले, कण मोठे झाले, धूळ बसली आणि परावर्तन ५० टक्क्यांवर आले की तोच सूर्य ६ मेगाज्यूल देतो; तोटा भरून निघतो आणि वितळण्यासाठी ०.८ मेगाज्यूल, म्हणजे दिवसाला सुमारे २.४ मिलिमीटर पाण्याइतकी ऊर्जा उरते. एकदा जमिनीचे गडद तुकडे उघडे पडले की ते चार पंचमांशाच्या आसपास ऊन शोषतात आणि उरलेल्या हिमाला कडेने उष्णता देतात. हिम येताना एका रात्रीत येते, राहताना महिनोन्‌महिने राहते आणि जाताना आठवड्याभरात जाते, ही त्याची चाल या हिशोबातून दिसते. अधूनमधून पडणारा दोन सेंटीमीटरचा पातळ ताजा थर पाण्याच्या दृष्टीने किरकोळ असला तरी परावर्तन पुन्हा वर नेऊन खालच्या सगळ्या थराचे आयुष्य वाढवतो.

९ ऑगस्ट २०२५

पाऊस हिम धुऊन नेतो असे सर्रास म्हटले जाते. हिशोब करून पाहिला. ५ अंशांचा १० मिलिमीटर पाऊस शून्यापर्यंत थंड होताना चौरस मीटरला फक्त सुमारे २१० किलोज्यूल देतो. त्यात जेमतेम ०.६ मिलिमीटर पाण्याइतके हिम वितळते. तरीही पावसाच्या रात्री हिम झपाट्याने जाते हे खरे आहे. कारण त्या हवेतील बाष्प आहे. थंड हिमावर १ किलोग्रॅम बाष्पाचे संघनन झाले की सुमारे २,५०० किलोज्यूल मोकळे होतात आणि ते साडेसात किलोग्रॅम हिम वितळवतात. पाऊस केवळ सोबत येतो. काम दमट, उबदार वारा करतो.

कोरड्या हवेत याच्या उलट घडते. हिम थेट वाफ होऊन उडते तेव्हा किलोग्रॅममागे सुमारे २,८३४ किलोज्यूल खर्च होतात, वितळण्याच्या साडेआठपट. हवा ३ अंशांची आणि सापेक्ष आर्द्रता ४० टक्के असेल तर ओले कापड गुंडाळलेला तापमापी शून्याखाली, सुमारे उणे १ अंश दाखवतो, आणि वाऱ्यात उघडे पडलेले हिमही त्याच तापमानाकडे जाते. म्हणून एकाच तापमानाला दमट किनाऱ्यावर हिम नाहीसे होते आणि कोरड्या पठारावर टिकून राहते. केवळ सरासरी तापमानावरून टिकण्याचे दिवस सांगणारी सूत्रे एका प्रदेशात चालतात आणि दुसऱ्यात का फसतात, हे यातून समजते.

२१ ऑगस्ट २०२५

झाडांचा परिणाम दुहेरी आहे. छत्र सावली देते, पण खोड आणि फांद्या दीर्घ तरंगांनी हिम तापवतात आणि बरेच हिम फांद्यांवरच अडून जमिनीपर्यंत पोहोचत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक खंडांतील निरीक्षणे एकत्र करणाऱ्या एका अभ्यासात असे आढळले की जिथे डिसेंबर ते फेब्रुवारीचे सरासरी तापमान उणे १ अंशाहून अधिक असते तिथे उघड्या मैदानापेक्षा अरण्यातले हिम एक-दोन आठवडे आधी संपते. अधिक थंड प्रदेशांत ते अरण्यात मैदानाइतके किंवा त्याहून अधिक टिकते.

उताराची दिशा, वाऱ्याने साचवलेले ढीग आणि कड्यांची सावली यांचा परिणाम तर ५०० मीटरच्या चौकोनात पूर्ण बुडून जातो. स्कॉटलंडमधील ब्रेरिअख पर्वताच्या एका ईशान्याभिमुख खोबणीत 'स्फिंक्स' नावाने ओळखला जाणारा हिमाचा तुकडा आहे. विसाव्या शतकात तो १९३३, १९५९ आणि १९९६ या तीनच वर्षी पूर्ण वितळल्याची नोंद आहे. या शतकात २००३, २००६, २०१७, २०१८ आणि २०२१ मध्ये तो नाहीसा झाला आणि पुढच्याही वर्षांत हेच घडले. माझ्या आज्ञावलीला हा तुकडा कधीही दिसणार नाही, कारण त्याच्या चौकोनाचा निम्मा भाग उन्हाळ्यात केव्हाच उघडा झालेला असतो. निम्म्या जमिनीचा नियम मी सोडणार नाही, पण त्याने काय हातातून निसटते याची येथे नोंद करून ठेवते.

४ सप्टेंबर २०२५

दीर्घकालीन बदल तपासताना काळाच्या लांबीपेक्षा त्याची दोन टोके स्वतंत्रपणे पाहणे अधिक फलदायी आहे. स्वित्झर्लंडच्या आल्प्समधील स्थानकांच्या १९७० नंतरच्या नोंदींत हिमावरणाची सुरुवात जेवढ्या दिवसांनी लांबली, त्याहून अधिक दिवसांनी त्याचा शेवट आधी येऊ लागला आहे. आर्क्टिक प्रदेशात जून महिन्यातील जमिनीवरचे हिमावरण १९६७ ते २०१८ या काळात दर दशकाला सुमारे १३ टक्क्यांनी घटले, असे हवामानबदलावरील आंतरशासकीय मंडळाच्या २०१९ च्या अहवालात नोंदले आहे. शरद ऋतूतील चित्र मात्र एकसारखे नाही: १९६६ पासूनच्या त्या जुन्या नकाशांत ऑक्टोबरचे हिमावरण वाढलेले दिसते, पण इतर स्वतंत्र नोंदी त्याला दुजोरा देत नाहीत. नकाशे बनवण्याची पद्धत मधल्या काळात साप्ताहिकावरून दैनंदिन झाली आणि प्रतिमाही बारकाईच्या होत गेल्या, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण माझ्याही मालिकेत २००० ते २००२ या काळात दिवसाला एकच निरीक्षण आहे आणि त्यानंतर दोन. दुसऱ्या उपग्रहाने ढगांच्या फटी वाढवल्या, तर हिम लवकर दिसू लागेल आणि काळ वाढल्याचा भास होईल. म्हणून दीर्घकालीन बदलाच्या कलाची गणना २००२ नंतरच्या हिवाळ्यांपुरतीच ठेवली आहे.

हिंदुकुश-हिमालय प्रदेशासाठी इसिमोड ही पर्वतीय विकासावर काम करणारी आंतरशासकीय संस्था नोव्हेंबर ते मार्चमधील हिमाच्या टिकावाचा दरवर्षी आढावा घेते. २०२३-२४ च्या हिवाळ्यात हा टिकाव सर्वसाधारणपेक्षा १८.५ टक्के कमी होता आणि २०२४-२५ मध्ये २३.६ टक्के कमी, म्हणजे तेवीस वर्षांतील नीचांक. तेथील बारा प्रमुख नदीखोऱ्यांच्या वार्षिक प्रवाहात वितळलेल्या हिमाचा वाटा सरासरीने सुमारे २३ टक्के आहे. पाऊस येण्यापूर्वीच्या कोरड्या महिन्यांत नदीला आधार देणारे पाणी हेच असते, म्हणून हे आकडे वाचून मन अस्वस्थ झाले.

१२ सप्टेंबर २०२५

अंतिम स्वरूप ठरले. मुख्य संख्या म्हणून ५ दिवसांपर्यंतचा खंड सामावून घेणारा काळ दिला जाईल. हा नियम सर्वमान्य असल्याने तो निवडलेला नाही. ढगाआड गेलेल्या चार दिवसांनी तो हलत नाही, हे ११ जुलैला दिसले म्हणून निवडला आहे. मात्र हिमाचे एकूण दिवसही स्वतंत्र रकान्यात राहतील, कारण काही प्रश्नांना तेच लागतात. उत्तर अमेरिकेतील स्नोशू ससा दिवसाच्या लांबीनुसार पांढरा होतो, हिम पडले आहे की नाही हे पाहून नव्हे. उघड्या तपकिरी जमिनीवर तो शिकाऱ्याच्या नजरेस पडतो, आणि त्याच्यासाठी जानेवारीतील ते चार दिवस मोजलेच पाहिजेत. नदीचा विचार करणाऱ्याला शेवटची तारीख हवी, तर मातीचा अभ्यास करणाऱ्याला सुरुवातीची, कारण कडक थंडीआधी हिमाचे पांघरूण आले नाही तर जमीन खोलवर गोठते. सर्वांत मोठा अखंड काळ हा रकाना काढून टाकला आहे.

दोन्ही तारखांना लवकरात लवकर आणि उशिरात उशिरा अशा मर्यादा जोडल्या आहेत. काल्पनिक हिवाळा ढगांसह पुन्हा चालवला, तेव्हा मुख्य काळ ९७ ते १०४ दिवस असा आला. मूळ १०२ त्यात बसतात. उद्यापासून २००२ नंतरचे खरे हिवाळे एकेक करून चालवायचे आहेत.